नेर्लेकर सरांचं वर्कशॉप

“...म्हणजे पाइप वाकवायचं मशिनही घ्यावंच लागेल, असंच ना?”

हैदर शिकलगार काहीच म्हणाले नव्हते. तरी नेर्लेकर सरांनी ते स्वतःच ठरवलं आणि डायरीत लिहून घेतलं.

कोल्हापुरात, उद्यमनगरच्या मागच्या एका बोळात, हैदरभाईंच्या घराच्या पत्र्याच्या पडवीत दोघे बसले होते. हैदरभाई खाटेवर, सर प्लास्टिकच्या खुर्चीवर. सकाळचे दहा वाजले होते, पण हैदरभाईंचा चेहरा दिवस संपल्यासारखा दिसत होता. वय चौऱ्याहत्तर. त्यातली चाळीस वर्षं लोखंडाच्या धुळीत गेलेली. ती धूळ आता छातीत घरघरत होती.

मुकुंद नेर्लेकर पॉलिटेक्निकमध्ये यंत्र विभागाचे प्रमुख होते. हैदरभाई तिथंच फिटिंग शॉपमध्ये मुलांना कानस धरायला शिकवायचे. मुलं त्यांना उस्ताद म्हणायची. सर नुसतं ‘हैदर’ म्हणायचे.

‘हैदरभाई’ त्यांच्या तोंडून पहिल्यांदा आलं ते आज, आणि तेही जरा अडखळत.

निवृत्त झाल्यावर सरांनी घराच्या गॅरेजमध्ये वर्कशॉप उभं करायला घेतलं होतं. आयुष्यभर फळ्यावर यंत्रं काढली, आता स्वतःच्या हातानं काहीतरी करायचं, एवढी साधी इच्छा होती. त्यासाठी त्यांनी पुस्तकं मागवली, परदेशातल्या हौशी लोकांचे व्हिडिओ पाहिले, याद्या केल्या. मग एकेक वस्तू येत गेली. प्रत्येक वस्तूबरोबर तिला लागणारी आणखी एक वस्तू कळत गेली.

सर हे सगळं सांगत होते. लोखंड कातायचा लेथ कुठल्या बनावटीचा, त्यात लोखंड पकडणारा चक किती अचूक, वेल्डिंगच्या कुठल्या पद्धतीत सांधा स्वच्छ येतो. हैदरभाई ऐकत होते की डोळे मिटून बसले होते, ते कळत नव्हतं.

“करायचंय काय, सर?” मध्येच त्यांनी विचारलं.

सरांनी नळीतून ड्रॉइंग काढून खाटेवर पसरलं.

बाथरूमच्या भिंतीला लावायचा आधाराचा दांडा होता. स्टेनलेसचा, दोन्ही टोकांना सुबक वळवलेला. टोकांना लेथवर काढलेल्या गोल चकत्या, मधल्या भागावर हात घसरू नये म्हणून बारीक नक्षी. तीन बाजूंनी काढलेलं, सगळी मापं मिलिमीटरमध्ये.

हैदरभाईंनी चष्मा पुसला. ड्रॉइंग वरून खालपर्यंत बघितलं. मग कोपऱ्यातल्या चौकटीवर बोट ठेवलं. तिथं तारीख होती.

“ही मागच्या वर्षीची?”

“हो. चौदा महिने झाले,” सर म्हणाले, आणि लगेच कारणं सांगू लागले. आधी लेथ यायला वेळ लागला. मग त्याला बसवायला काँक्रीटचा ओटा करावा लागला. वेल्डिंगचा संच आला, तर घरचा वीजभार कमी पडला. तो वाढवून घेण्यात पावसाळा गेला. आता सगळं जमलं होतं, फक्त पाइप वाकवायचं राहिलं होतं.

“कुणासाठी हाय हा दांडा?”

“सुलभासाठी. माझी बायको. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. चालते आता, पण उजवा हात उचलत नाही.”

“पडल्या हुत्या?”

“...दोनदा.”

हैदरभाईंनी ड्रॉइंगची गुंडाळी केली. गुंडाळी करायला त्यांना बराच वेळ लागला. बोटांची पेरं सुजलेली होती.

“उद्या येतो,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते सिटी बसनं आले. स्टॉपपासून घरापर्यंत चालताना दोनदा थांबले. सरांनी रिक्षा पाठवतो म्हटलं होतं, ते त्यांनी मनावर घेतलं नव्हतं.

सरांनी गॅरेजचं शटर वर केलं.

आत दुकानासारखं लख्ख होतं. हिरव्या रंगाचा लेथ, त्यावर तेलाचा पातळ हात. खांबाचं ड्रिल मशिन. दोन दगडांचा ग्राइंडर. भिंतीवरच्या फळीवर पाने आकारानं लावलेले, आणि प्रत्येक पान्यामागे त्याचीच बाह्यरेषा काढलेली, म्हणजे जागा चुकायला नको. खणांवर छापील चिठ्ठ्या. मायक्रोमीटर मखमली पेटीत.

सर एकेक गोष्ट दाखवत गेले. तासभर तरी गेला असेल. बोलता बोलता त्यांचा आवाज वर्गात असायचा तसा झाला. हैदरभाई हात मागे बांधून त्यांच्यामागून चालत राहिले. त्यांनी कशालाच हात लावला नाही.

फक्त टेबलाला बसवलेल्या, लोखंड आवळून धरणाऱ्या व्हाइसपाशी ते थांबले. वाकले. व्हाइसच्या खालून, जिथं कापलेल्या लोखंडाचा कीस साचतो तिथून, त्यांनी एक बोट फिरवलं आणि उजेडात धरलं.

बोट स्वच्छ होतं.

सरांनी ते पाहिलं. हैदरभाईंनी बोट तरीही लेंग्याला पुसलं.

“हात धुवायचा हुता,” ते म्हणाले.

सरांनी मागच्या दारानं जायला सांगितलं. तिथलं बाथरूम जवळ होतं. स्वतः ते वरच्या मजल्यावरचं वापरत. मागचं सुलभाताईंचं होतं, कारण त्यांना जिना चढवत नव्हता.

हैदरभाई बराच वेळ आले नाहीत.

सर बघायला गेले तेव्हा ते बाथरूमच्या दारात उभे होते. आत बघत होते.

“ही दोरी कुणी बांधली?”

“कुठली दोरी?”

खिडकीच्या गजापासून नळाच्या पाइपापर्यंत, कमरेच्या उंचीवर, कपडे वाळत घालायची निळी नायलॉनची दोरी ताणून बांधली होती. साधी नव्हती. दोन पदरी होती, पीळ दिलेली. दर वितीवर एक गाठ होती. मधल्या हातभर भागावर जुन्या सुती साडीची पट्टी गुंडाळून टाके घातले होते. टाके वेडेवाकडे होते, पण घट्ट होते.

सरांनी ती कधी पाहिली नव्हती. या बाथरूममध्ये ते शेवटचे कधी आले होते, ते त्यांना आठवेना.

स्वयंपाकघराच्या दारातून सुलभाताई हळूहळू आल्या. उजवा हात पोटाशी धरलेला, डाव्या हातात चौपायी काठी. घरात आलेल्या माणसाशी बोलावं तसं त्या शांतपणे बोलल्या.

“मीच बांधली. दिवाळी झाल्यावर. एका हातानं गाठ बसत नाही, म्हणून दातांनी धरून बांधली. दोन दुपारी गेल्या.”

“गाठी कशाला मारल्या, वहिनी?”

“हात ओला असला की सुळकन सरकतो. गाठीला येऊन अडकतो.”

हैदरभाईंनी दोरी धरून ओढून पाहिली. मग सगळा भार टाकून पाहिला. दोरी थोडी ताणली, पण धरून राहिली.

“आणि कापड?”

“नायलॉन हाताला काचतं.”

ते मान हलवत राहिले. मग, अगदी सहज, त्यांनी विचारलं, “दुसऱ्यांदा पडला तवा किती वेळ पडून हुता?”

सुलभाताई नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, “झाला असेल तासभर. हाका मारल्या. पण ते नवीन मशिन सुरू करून बघत होते ना... आवाज जात नव्हता.”

सरांना तो दिवस नीट आठवला. लेथ त्याच दिवशी जोडून झाला होता. तो नुसताच, काही न लावता, फिरवत ठेवून ते त्याचा आवाज ऐकत उभे होते. किती एकसारखा आवाज येतो, असं त्यांच्या मनात आलं होतं. नंतर घरात गेले तेव्हा सुलभा पलंगावर बसली होती. जरा घसरले, म्हणाली होती. त्यांनी मलम लावून दिलं होतं.



हैदरभाईंनी दोरी सोडली आणि पहिल्यांदाच सरांकडे सरळ बघितलं.

“घरात उस्ताद असताना, सर, माझ्याकडं कशाला आलात?”

त्या दिवशी सर जेवले नाहीत. दुपारी त्यांनी ड्रॉइंग पुन्हा उघडलं. काहीतरी खोडायला पेन्सिल घेतली, आणि तसेच बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हैदरभाई पुन्हा आले. त्यांनी विचारलं, पाइप आहे का? पाइप होता. सर्वांत आधी आणलेली वस्तू तीच होती, अजून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. जाड अँगल, म्हणजे काटकोनात वळलेली लोखंडी पट्टी, आहे का? गच्चीवरच्या जुन्या टाकीच्या स्टँडचा एक गंजका तुकडा जिन्याखाली पडला होता. हैदरभाईंनी तो पायानं उलटा करून पाहिला आणि पुरे म्हणाले.

पाइप वाकवायचा नव्हता. सरळच ठेवायचा. अँगलचे दोन तुकडे भिंतीला, त्यांच्या पुढे आलेल्या बाजूंना भोकं, भोकांतून पाइप आरपार. बस्स.

“पण एवढ्या मोठ्या भोकाचा बिट नाही माझ्याकडे,” सर म्हणाले. “मागवला तर चार दिवसांत...”

ते बोलता बोलता थांबले.

हैदरभाईंनी खडूनं अँगलवर पाइपाचा गोल काढला. त्या गोलाच्या आतून कडेकडेनं बारीक भोकं पाडत जायचं, भोकाला भोक लागून. मग मधला तुकडा ठोकून पाडायचा आणि उरलेले दाते गोल कानशीनं घासून काढायचे. पॉलिटेक्निकमध्ये पहिल्या वर्षाच्या मुलांना ते हेच शिकवायचे.

सरांनी ड्रिल सुरू केलं. एकोणीस भोकं पाडली. दोन भलतीकडे गेली. तुकडा पडला, पण खाली राहिली ती करवतीच्या दात्यांसारखी कड. मग कानस.

हैदरभाई खुर्चीवर बसून होते. पहिला तास त्यांनी एकच गोष्ट सांगितली: ओढताना दाब नको, ढकलताना द्या. नंतर त्यांचा डोळा लागला. सर घासत राहिले. अर्ध्या तासात खांदे भरून आले. एका तासानं तळहाताला फोड आला. ते थांबले की हैदरभाई डोळे न उघडता विचारायचे, “झालं?” आणि सर पुन्हा कानस उचलायचे.

पहिलं भोक व्हायला सगळा दिवस गेला. ते गोल नव्हतं, पण पाइप त्यातून गेला.

दुसऱ्या दिवशी दुसरं भोक केलं. फोडावर फडकं बांधलं होतं. दुपारी सरांनी कानस खाली ठेवली आणि बराच वेळ हाताकडे बघत बसले.

“फिटिंगचे तास मीच कमी केले होते,” ते म्हणाले. “माहीत आहे ना तुम्हाला? कानस घासण्यात मुलांचा वेळ वाया जातो, असं मी समितीला लिहून दिलं होतं.”

“माहीत हाय.”

“तुम्ही तेव्हा काही बोलला नाहीत.”

हैदरभाईंना खोकल्याची उबळ आली. ती ओसरायला वेळ लागला.

“बरंच झालं की,” ते म्हणाले. “उभं राहून राहून माझे गुडघे गेले हुते.”

सर हसले नाहीत. पण थोड्या वेळानं त्यांनी कानस उचलली, आणि यावेळी हात जरा सैल पडला. कीस खाली सांडत होता. टेबलावर, चपलांवर, फरशीवर. त्यांनी तो झाडला नाही.

पाइप हॅकसॉनं कापायला तिसरी सकाळ गेली. दोन पाती मोडली. काप तिरका आला. सर म्हणाले, ग्राइंडरवर सरळ करून घेतो. हैदरभाई म्हणाले, करा की. ग्राइंडर त्या दिवशी पहिल्यांदा कामाला लागला, पाच मिनिटं.

दुपारी दोघे बाथरूमच्या भिंतीपाशी उभे राहिले. सरांनी टेपनं मोजून फरशीपासून साडेआठशे मिलिमीटरवर पेन्सिलीची आडवी रेघ मारली. हे माप पुस्तकातलं होतं.

हैदरभाईंनी रेघेकडे बघितलं. “त्यांना इचारलं?”

सरांनी टेप मिटला. मग त्यांनी हाक मारली.

सुलभाताई आत आल्या. स्टुलावर बसल्या. हैदरभाई दाराबाहेर जाऊन पाठ करून उभे राहिले. सुलभाताईंनी डावा हात पुढे केला आणि उठताना तो आपोआप जिथं जातो तिथं भिंतीवर टेकवला. रेघेच्या चांगला वीतभर खाली. मग अर्धवट उठल्या, आणि हात वर सरकवून पुन्हा टेकवला. दोन्ही जागा एका उंचीवर नव्हत्या. खालून वर चढत गेलेली तिरकी रेघ होत होती.

“अशी?” सरांनी विचारलं.

“अशीच उठते मी,” त्या म्हणाल्या.

सुलभाताईंचा हात भिंतीवर तसाच होता. त्या हाताभोवती सरांनी पेन्सिल फिरवली. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोच्या हाताचं माप पहिल्यांदा घेतलं होतं.

भिंतीला भोकं पाडली. भिंतीवरची एक टाइल तडकली. बोल्ट आवळले. पाइप भोकांतून ठोकून घट्ट बसवला. एक अँगल किंचित फिरल्यासारखा बसला, आणि गंज नीट न गेल्यामुळे त्यावर लावलेला रंग पोपडल्यासारखा दिसत होता. पाइप तेवढा चकचकत होता.

हैदरभाई आत आले. दोन्ही हातांनी दांडा धरला, गुडघे दुमडून पाय उचलले आणि लटकले. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस दांड्याला लोंबकळत होता आणि सर अँगलच्या बोल्टांकडे बघत होते.

दांडा हलला नाही.

“आता तुम्ही,” हैदरभाई सुलभाताईंना म्हणाले, आणि बाहेर गेले.

सुलभाताई स्टुलावर बसल्या. हात टाकला. उठल्या.

“गार आहे,” त्या म्हणाल्या.

मग बसल्या. पुन्हा उठल्या. सर बाजूला हात पुढे करून उभे होते. त्या हाताची गरज पडली नाही. त्या पुन्हा बसल्या, पुन्हा उठल्या. पाच-सहा वेळा असं झालं. शेवटी उभ्या राहिल्या तेव्हा त्यांना दम लागला होता. चेहऱ्यावर आनंद होता की नुसता थकवा, सरांना सांगता आलं नसतं.

“दोरी सोडू का?” सरांनी विचारलं.

“असू दे. टॉवेल टाकायला होईल.”

सरांनी दोरीला हात लावला. एक गाठ बोटांनी चाचपली. दातांची खूण अजून होती.

“सुलभा,” ते म्हणाले, “मला ऐकू आलं नाही गं त्या दिवशी.”

त्यांनी काठी हातात घेतली. मग म्हणाल्या, “माहीत आहे मला. चहा टाका आता. त्यांना बिनसाखरेचा.”

चहा घेऊन सर गॅरेजमध्ये आले. उतरतं ऊन शटरखालून आत आलं होतं. हैदरभाई निघायच्या तयारीत होते. चपला घालताना एका हातानं टेबल धरलं होतं. फरशीवर कीस होता, मोडलेली पाती होती, अँगलचा उरलेला तुकडा होता. त्यामागे लेथ तसाच उभा, तेल लावलेला. वेल्डिंगचा संच खोक्यात. मायक्रोमीटर पेटीत.

सर मटकन स्टुलावर बसले. तीन दिवसांचा शीण एकदम अंगात उतरला होता. हातावरचं फडकं सुटत होतं, ते त्यांनी पुन्हा बांधलं नाही.

“उस्ताद,” ते म्हणाले. हा शब्द त्यांच्या तोंडून कधी आला ते त्यांना कळलंही नाही. “एवढं सगळं घेऊन बसलो. चौदा महिने घालवले. आता याचं काय करू?”

हैदरभाईंनी चहा संपवला. कप टेबलावर ठेवला. लेथकडे, ड्रिलकडे, भिंतीवरच्या पान्यांकडे त्यांनी एकदा सावकाश नजर फिरवली. जुन्या वर्गाकडे बघावं तशी...

“असू देत, सर. मशिनांना थांबता येतं.”